बटण कुणी दाबलं?

दोस्तांनो, आज एक कोडं घालूनच सुरुवात करतो. त्याला आपण बोलावलेलं नसतं, तरी तो येतो. गाणं म्हण असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं, तरी तो गातो. आणि गातो तोही नेमका आजोबा दुपारचे आडवे झालेले असताना! 'अरे, गप्प बस' म्हणावं, तर त्याचा कान कुठे आहे तेच सापडत नाही. ओळखा पाहू कोण?

नाही, शेजारचा बंड्या नव्हे. वेबसाइट उघडल्याबरोबर आपोआप सुरू होणारा व्हिडिओ! इंग्रजीत त्याला 'ऑटोप्ले' म्हणतात. तुम्ही गेलेले असता क्रिकेटचा स्कोअर बघायला, किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी ज्वालामुखीची माहिती काढायला. चार ओळी वाचता न वाचता तोच कोपऱ्यातून एक चौकोन उगवतो आणि त्यातले काका चहापत्तीची महती सांगायला लागतात. आई स्वयंपाकघरातून विचारते, "अभ्यास करतोयस ना रे?" आता तिला काय सांगणार!

गंमत म्हणजे, वेबवरची ही पानं जन्मली तेव्हा अगदी मुकी होती, बरं का. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत पहिली वेबसाइट जगापुढे ठेवली, तेव्हा तिच्यावर नुसती अक्षरं होती. १९९३ साली मोझेक नावाचा ब्राउझर आला आणि अक्षरांच्या शेजारी चित्रं दिसू लागली. मग १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने एक नवीन खूण आणली, 'बीजीसाउंड', म्हणजे मागे वाजणारा आवाज. पान तयार करणाऱ्याने ही खूण लिहून ठेवली, की पाहणाऱ्याने पान उघडताक्षणी संगीत सुरू. थांबवायला बटण? छे! बटण ठेवायची सोयच त्या खुणेत नव्हती.

हे सगळं त्या वेळी जमलं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. आपल्या देशात १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेतून घरात येई. मोडेम नावाची एक पेटी असे. २८.८ किलोबिटचा मोडेम घेतला, तर सेकंदाला साडेतीन किलोबाइटच्या आसपास माहिती यायची. सीडीवरच्या दर्जाचं ३ मिनिटांचं गाणं भरतं जवळजवळ ३२ मेगाबाइट. करा भागाकार! सुमारे अडीच तास लागतील ते गाणं यायला. मग पान उघडताच संगीत कसं वाजायचं?

त्याला उत्तर होतं 'मिडी'. ही १९८३ सालापासूनची पद्धत. मिडीच्या फाइलमध्ये आवाज नसतोच मुळी! त्यात असते एक प्रकारची स्वरलिपी. पेटी शिकणाऱ्यांनी वहीत 'सा रे ग म' लिहिलेलं असतं ना, तसंच. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ दाबायची एवढंच लिहिलेलं. वाजवायचं काम तुमच्या घरच्या संगणकाने करायचं. त्यामुळे अख्खं गाणं ३० किलोबाइटमध्ये मावायचं आणि आठ-नऊ सेकंदांत घरी यायचं. जिओसिटीजसारख्या ठिकाणी लोक हौसेने आपापली पानं उभारत आणि त्यावर आपल्या आवडीची धून लावून ठेवत.

त्या धून लावणाऱ्यांवर मला फार राग नाही धरवत. घरी पाहुणे आले म्हणून कुणी उत्साहाने टेपरेकॉर्डर लावावा, तसं ते होतं. पाहुण्याचं डोकं दुखत असेल हे त्यांच्या ध्यानात येत नसे, इतकंच. पुढे जे घडलं ते मात्र हौसेपोटी नव्हतं.

२००५ मध्ये यूट्यूब आलं. तिथे तुम्ही व्हिडिओच बघायला जाता. आपल्या हाताने त्याचं चित्र निवडता, मग तो लागला तर तक्रार कसली? पण २०१३ च्या सुमारास फेसबुकने निराळंच सुरू केलं. तुम्ही मित्रांचे फोटो बघत बोट वर सरकवता आहात, तेवढ्यात मधलाच एखादा व्हिडिओ आपण होऊन हलायला लागायचा. आवाज बंद, फक्त चित्र. हलणाऱ्या वस्तूकडे आपले डोळे वळतातच. गवतात काही हललं तर आधी तिकडे बघावं, हे आपल्या पूर्वजांपासून चालत आलेलं आहे. तुम्ही थबकलात, एक... दोन... तीन सेकंद. झालं! फेसबुकच्या वहीत नोंद झाली : 'एकाने व्हिडिओ पाहिला.'

हो, तीनच सेकंद! जाहिरातींच्या बाबतीत तर अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलने २०१४ मध्ये माप ठरवलं ते असं : व्हिडिओचा निम्मा भाग पडद्यावर सलग २ सेकंद दिसला, की जाहिरात 'दिसण्याजोगी' धरायची. जाहिरात दिसली की पैसे मिळतात. आता तुम्हीच सांगा, लोक बटण दाबतील म्हणून वाट बघत बसलं तर किती जण दाबतील? त्यापेक्षा आपणच दाबून टाकलेलं बरं! न बोलावलेल्या पाहुण्याच्या येण्यामागे हे गणित आहे.

गणितावरून आठवलं. या मोजणीतून एक मोठीच फजिती झाली होती. लोक आमच्या इथले व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात, याचा आकडा फेसबुक जाहिरातदारांना देत असे. २०१६ मध्ये त्यांनीच कबूल केलं, की तो आकडा चुकीच्या पद्धतीने काढला जात होता. क्रिकेटवाल्यांना हे चटकन कळेल. समजा, एखाद्या फलंदाजाने आपली सरासरी सांगताना ज्या डावांत तो लवकर बाद झाला ते डाव मोजलेच नाहीत, तर? सरासरी फुगणारच की!

फेसबुकचं झालं ते असंच. समजा १० जणांपुढे व्हिडिओ आपोआप सुरू झाला. चौघे १ सेकंदात पुढे सरकले, सहा जण १० सेकंद थांबले. एकूण ६४ सेकंद. दहाने भागा : ६.४ सेकंद, ही खरी सरासरी. पण भागायला घेतले फक्त ३ सेकंदांहून जास्त थांबलेले सहा जण, आणि सरासरी आली साडेदहाच्याही पुढे! त्या वेळच्या बातम्यांत फुगवट्याचा आकडा ६० ते ८० टक्क्यांपर्यंत आला होता. आपल्या छोट्या उदाहरणातही तो ६६ टक्क्यांच्या वरच भरतो, करून पाहा. असे फुगलेले आकडे समोर असले, की 'लोकांना वाचायला नको, व्हिडिओच हवेत' असं वाटायला कितीसा वेळ लागणार?

आता जरा डोळे मिटा. मिटल्यावर पुढचं वाचता येणार नाही, म्हणून हा परिच्छेद ताईला किंवा दादाला मोठ्याने वाचायला सांगा, आणि कानाशी रेडिओ मोठ्याने लावायला सांगा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ती मुलं संगणक आणि मोबाइल कानांनी वाचतात. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचा प्रत्येक शब्द आणि प्रत्येक बटण बोलून दाखवतो. एनव्हीडीए हा असा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम. तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला आणि जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचून दाखवतो.

तर अशी एखादी मुलगी दहावीच्या परीक्षेची सूचना वाचायला एक पान उघडते. स्क्रीन रीडर वाचायला सुरुवात करतो : "परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख..." आणि त्याच क्षणी पानावरचा व्हिडिओ गर्जायला लागतो. तारीख गेली वाहून! आपण डोळ्यांनी चटकन शोधू, कुठे आहे तो चौकोन, कुठे आहे त्याची फुली. तिला ती फुली शोधायची तर कानांनीच शोधायला हवी, आणि कान तर त्या व्हिडिओने आधीच बळकावलेले! आवाज बंद करायला बटण हवं, बटण सापडायला शांतता हवी, आणि शांतता हवी तर आधी आवाज बंद व्हायला हवा. फोनचा आवाज कमी करावा, तर स्क्रीन रीडरचा आवाजही बहुधा त्याबरोबर कमी होतो. तुम्हाआम्हाला जी कटकट वाटते, ती तिच्यासाठी कुलूप असते.

म्हणूनच २००८ च्या डिसेंबरमध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सर्वांना वापरता येतील अशा वेबसाइट कशा बनवाव्यात याची जी नियमावली काढली, तिच्यात स्पष्ट लिहिलं : आपोआप सुरू होणारा आवाज ३ सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर तो थांबवण्याची किंवा त्याचाच तेवढा आवाज कमी करण्याची सोय असलीच पाहिजे. हा नियम सगळ्यांत पहिल्या, म्हणजे किमान पायरीवरचा आहे. आपोआप हलणाऱ्या चित्रांसाठीही नियम आहे : ५ सेकंदांहून अधिक काळ मजकुराशेजारी काही हलत राहणार असेल, तर ते थांबवता यायला हवं. कारण शेजारी काही हललं की वाचनावर लक्षच ठरत नाही अशीही मुलं असतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

नियम कागदावर असणं वेगळं आणि पाळणं वेगळं, हे तुम्हाला वर्गातल्या फलकावरून ठाऊक आहेच. शेवटी ब्राउझर बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं. खरं तर ॲपलचा आयफोन २००७ मध्ये आला, तेव्हापासून त्यावर वेबपानांतले व्हिडिओ आपोआप सुरूच होत नसत. कारण साधं होतं : मोबाइलच्या डेटाचे पैसे मालक भरतो, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय काही उतरवायचं नाही. २०१६ मध्ये मूक व्हिडिओंना तेवढी मुभा मिळाली. २०१४ मध्ये क्रोमने टॅबवर छोटासा कर्ण्याचा आकार दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे वीस टॅब उघडे असले तरी ओरडतोय कोण, एवढं तरी कळू लागलं! मग २०१७ मध्ये सफारी, एप्रिल २०१८ मध्ये क्रोम आणि मार्च २०१९ मध्ये फायरफॉक्स, या तिघांनी आवाजासकट आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओंना अडवायला सुरुवात केली.

यातही एक भानगड झालीच. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना! क्रोमच्या नव्या नियमामुळे ब्राउझरमध्ये खेळायचे कितीतरी गेम मुके झाले. उड्या मारणारा गडी उड्या मारतोय, पण 'टुंग' काही ऐकू येईना. गेम बनवणाऱ्यांनी ओरड केली, तेव्हा गुगलने महिन्याभरात नियमाचा तेवढा भाग मागे घेतला आणि गेमवाल्यांना सुधारणा करायला वेळ देऊन त्याच वर्षीच्या डिसेंबरात परत लावला. गेमवाल्यांचं म्हणणं मला पटतं. स्वतःहून उघडलेल्या गेमचा आवाज हा आगाऊपणा नव्हेच.

मग आता सगळं शांत शांत झालं का? नाही. ब्राउझरने दारात अडवला तो आवाजाला. मूक व्हिडिओ मात्र खुशाल आत येतो. (त्यातून एक चांगली गोष्ट झाली, तीही सांगून टाकतो. आवाज नाही म्हणून लोक व्हिडिओवर शब्द लिहू लागले, आणि कमी ऐकू येणाऱ्यांची आपसूक सोय झाली.) पण मूक म्हणजे फुकट, असं मात्र समजू नका. साधारण बऱ्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला अडीच मेगाबिट लागतात असं धरू. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १९ मेगाबाइट. यात आवाजाचा वाटा जेमतेम विसावा! म्हणजे म्यूट केलं तरी बाकीचा डेटा जातोच. बातमीची अक्षरं काही किलोबाइटची आणि शेजारचा व्हिडिओ कित्येक मेगाबाइटचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. ज्या घरात एकच फोन आहे आणि त्याच्या दिवसाच्या डेटावर बाबांचं काम, ताईचा क्लास आणि तुमचा गृहपाठ चालतो, तिथे संध्याकाळी नेट रडायला का लागतं, याचं एक कारण इथे दडलेलं असू शकतं.

आणि एक जरा निराळ्या जातीचा ऑटोप्ले आहे. हा व्हिडिओ संपल्यावर येतो. तुम्ही एक कार्टून बघायचं ठरवलेलं असतं. ते संपतं आणि पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते... पाच, चार, तीन... पुढचं सुरू! पूर्वी गोष्टीचा शेवट आला की पुस्तक मिटायला एक क्षण मिळायचा. 'आता बास की अजून एक' हे त्या क्षणात आपण ठरवायचो. इथे तो क्षणच कुणीतरी काढून घेतलेला असतो. 'अजून एक'ला काही करावं लागत नाही. करावं लागतं ते 'बास'ला. आईबाबांनो, मुलं हट्टी झाली आहेत असं म्हणण्याआधी ही उलटी मोजणी एकदा त्यांच्या शेजारी बसून बघा. तुम्हालाही उठवत नाही, असं आढळेल!

यूट्यूबने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं, की १३ ते १७ वर्षांच्या मुलांच्या खात्यांवर हे 'पुढचं आपोआप' आधीपासूनच बंद ठेवू. नेटफ्लिक्सने २०२० मध्ये झलका आपोआप सुरू होणं बंद करायची सोय दिली. चांगलंच झालं. पण एक मेख आहे. आपल्याकडे मुलं पुष्कळदा आईच्या नाहीतर बाबांच्या फोनवर, त्यांच्याच खात्यातून बघतात. यूट्यूबच्या लेखी तिथे चाळीस वर्षांचे गृहस्थ छोटा हत्ती आणि माकडाची गोष्ट बघत असतात! मुलांसाठीची सोय त्यांना कशी लागू होणार?

तेव्हा ती आपणच करून घ्यायची. घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन बसा, दहा मिनिटांचं काम आहे. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना ऑटोप्लेची छोटी कळ दिसते, ती बंद करा. सेटिंगमध्ये, यादीतले व्हिडिओ नुसते समोर आले तरी सुरू व्हावेत का, हेही वेगळं विचारलेलं असतं. तिथे 'बंद' किंवा 'फक्त वायफायवर' निवडा. फेसबुकच्या सेटिंगमध्येही ऑटोप्ले बंद करता येतो. फायरफॉक्समध्ये मूक व्हिडिओसुद्धा अडवायची सोय आहे, सफारीतही आहे. क्रोममध्ये संगणकावर टॅबवर उजवी टिचकी मारली, की त्या वेबसाइटचा आवाज बंद करता येतो. व्हॉट्सॲपवर 'सुप्रभात'चे व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलंत, तर आजीला मात्र आधी सांगा. नाहीतर फोन बिघडला म्हणून ती तो दुकानात घेऊन जाईल.

तुमच्यापैकी काही जण शाळेत संगणकाच्या तासाला स्वतः वेबपान बनवायला शिकत असाल. पानावर व्हिडिओ ठेवताना 'ऑटोप्ले' हा एक शब्द लिहिला की तो आपोआप वाजतो, आणि त्याऐवजी 'कंट्रोल्स' लिहिलं की त्याखाली थांबवायची-वाजवायची बटणं येतात. दोन्ही लिहायला सारखेच सोपे. स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ शाळेच्या पानावर ठेवायची वेळ आली, तर कुठला शब्द लिहायचा ते ठरवण्याआधी हे गणित सोडवून बघा : व्हिडिओ ३ मिनिटांचा, सेकंदाला अडीच मेगाबिट लागणारा. ८०० घरांत ते पान एकेकदा उघडलं गेलं आणि सगळीकडे व्हिडिओ आपोआप शेवटपर्यंत चालला, तर एकूण किती गिगाबाइट डेटा गेला? (१ गिगाबाइट म्हणजे १००० मेगाबाइट धरा.) उत्तर पुढच्या अंकात. आणि हो, आईच्या फोनवर सोडवणार असाल, तर कागद-पेन्सिल बरी!